पेठ, कसबा आणि काकूंची गिरणी

दिवाळी आठ दिवसांवर आली की पहूरला आमच्या गल्लीत सणाची पहिली वर्दी आकाशकंदील देत नसे. ती देत असे काकूंची गिरणी. सकाळी आठ वाजले की ओसरीतल्या मोटारीचा खटका पडे, पट्टा चाकावर फटफट वाजू लागे आणि थोड्याच वेळात भाजणीचा खमंग वास साऱ्या गल्लीत पसरे. पायरीपासून कडुनिंबापर्यंत डब्यांची रांग लागे. डब्यांच्या मालकिणी घरी कामात असत, पण डबा आपल्या जागी बसलेला असे आणि त्याचा नंबर कोणी मोडत नसे. चकलीची भाजणी झाली की अनारशाचे तांदूळ, मग बेसन, आणि सगळ्यांत शेवटी कोणाचा तरी कळणा. ज्वारी आणि उडदाच्या त्या पिठाची भाकरी खाल्ल्याशिवाय खानदेशी माणसाची दिवाळीसुद्धा पुरी होत नाही.

ही गिरणी अशी सुखासुखी सुरू झाली नव्हती. राहत्या गल्लीत गिरणी घालू द्यावी की नाही, यावर १९७१ साली आमच्याकडे चार महिने वाद चालला होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुढे योगायोग असा, की नगररचनेच्या एका कचेरीत आरेखक म्हणून माझी सारी नोकरी गावांचे नकाशे रंगवण्यात गेली. राहण्याच्या भागाला पिवळा रंग, व्यापाराला निळा, कारखान्यांना जांभळा, शेतीला हिरवा. पिवळा रंग देताना पुष्कळदा माझा हात थांबे आणि मनात येई, काकूंच्या ओसरीला कोणता रंग द्यावा? तिथे आठ ते अकरा गिरणी असे, दुपारी त्याच ओसरीत काकू वामकुक्षी करीत आणि रात्री पाहुण्यांची अंथरुणे पडत. या प्रश्नामुळे मी जे काही वाचले, विचारले आणि नोंदून ठेवले, ते आज सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडतो आहे.

जळगावहून अजिंठ्याकडे निघाले की नेरी मागे टाकल्यावर पहूर लागते. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून आलेली वाघूर नदी इकडूनच पुढे तापीकडे जाते. पाचोरा ते जामनेर धावणारी छोट्या रुळांची गाडी शेंदुर्णीनंतर आमच्याच स्टेशनात थांबे. २०२० साली ती बंद झाली. परक्या माणसाला पहूर हे एकच गाव वाटते. कागदावर मात्र ती दोन आहेत : पहूर पेठ आणि पहूर कसबे. लहानपणी आम्हांला ही नावे म्हणजे नुसत्या दोन आळ्यांची नावे वाटत. पण त्या दोन शब्दांत आपल्या जुन्या गावरचनेचा अर्धा इतिहास साठवलेला आहे.

ज्या गावात बाजार भरत नाही, ते मौजे. ज्या मोठ्या गावात बाजार आहे आणि बाजाराचे वतनदार शेटे-महाजन आहेत, तो कसबा. आणि व्यापारासाठी म्हणून मुद्दाम वसवलेली वस्ती ती पेठ. पेठ आपोआप उगवत नसे. कोणी कर्ता माणूस सरकारात अर्ज करी, सरकार त्याला कौल देई. कौल म्हणजे अभयपत्र : अमुक जागी पेठ वसवावी, वाणी-उदमी, कारागीर आणून बसवावेत, अमुक वर्षे त्यांच्याकडून पट्टी घेतली जाणार नाही. दुकानाला जागा कोणती द्यायची, बाजारात कोणी कुठे बसायचे, हे शेटे पाहत. आजच्या भाषेत सांगायचे तर परवाना, करमाफी आणि भूखंडवाटप ही तिन्ही कामे एकाच कागदात उरकत.

आणि या पेठेत दुकान व घर अशी ताटातूट नव्हती. पुढे ओटा, ओट्यावर माल, आत माजघर, मागे परसू. दुकानदार जेवायला उठला की त्याची बायको किंवा म्हातारी आई गिऱ्हाईक पाही. 'राहती वस्ती' आणि 'व्यापारी वस्ती' असे दोन शब्द त्या माणसांना कोणी समजावून सांगू गेले असते, तर त्यांनी त्याला आधी पाणी विचारले असते आणि उन्हात फिरू नका म्हणून सांगितले असते.

याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी कोणालाही कुठेही काहीही करू दिले, असा मात्र कोणी घेऊ नये. आवाज, धूर आणि आग यांचा विचार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, अग्नीवर ज्यांचा धंदा चालतो त्यांना एका ठिकाणी वसवावे, असे नगराच्या कारभाऱ्याला बजावलेले आहे. पुण्यात तांबट आळी झाली ती अशाच व्यवहारातून. दिवसभर तांब्यावर हातोडे पडायचे, तर ते ऐकणारे शेजारीही हातोडेवालेच असलेले बरे. बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा ही नावे उच्चारली की जुन्या पुण्याचा नकाशाच डोळ्यांपुढे येतो. पेशवाईत तिथला कोतवाल मोठमोठे तंटे तोडी, बाजारभाव ठरवी आणि घरजमिनींच्या खरेदी-विक्रीवर नजर ठेवी. आजच्या तीन-चार खात्यांचे काम तो एकटा ओढीत होता.

पण याच व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्याच अर्थशास्त्रात चांडाळांची वस्ती स्मशानाच्या कडेला सांगितली आहे. आपल्या प्रत्येक गावाला गावकूस होते आणि त्याच्या बाहेर माणसे राहत होती. कातडे कमावण्याचा वास येतो, हे खरे. पण ज्या माणसाने आयुष्यात कधी कातड्याला हात लावला नाही, त्यालाही गावकुसाच्या आत जागा नव्हती. म्हणजे वास धंद्याचा म्हणायचा आणि दूर ठेवायचे माणसाला. वस्तीत अमुक धंदा नको असे कोणी म्हणाले, की तो धंद्याबद्दल बोलतो आहे की धंदा करणाऱ्याबद्दल, हे आधी तपासावे लागते. हा खोटेपणा केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. त्याचे एक परदेशी उदाहरण पुढे येणारच आहे.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा लुटालुटीने आणि दुष्काळांनी हा मुलूख उजाड झालेला होता. कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे कारभाराचे ठाणे केले. १८१९ साली धुळ्यात अवघी ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्जने बऱ्हाणपूर आणि इतर गावांहून व्यापारी व कारागीर बोलावले, त्यांना घरे बांधायला कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे उभी राहावीत म्हणून अगाऊ रकमाही दिल्या. नीट पाहिले तर हा जुना कौलच. फक्त सही इंग्रजी होती. आज धुळ्याला गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे पत्ते सांगतात, त्या सरळ गल्ल्यांतून हिंडताना खाली दुकान आणि वर बिऱ्हाड हा जुना संसार अजूनही पुष्कळ ठिकाणी दिसतो. उजाड मुलखात माणूस आणायचा तर त्याला घर आणि धंदा एकाच जागी द्यावा लागतो, हे त्या साहेबाने ओळखले होते.

घर आणि धंदा यांना कायद्याने वेगळे करण्याची कल्पना आपल्याकडे आली ती पश्चिमेकडून, आणि तिथे ती आली कारखान्यांच्या धुरातून. नेपोलियनच्या अमदानीत १८१० साली फ्रान्समध्ये एक हुकूम निघाला. त्यात उपद्रवी धंद्यांचे तीन वर्ग पाडले होते. पहिल्या वर्गातले धंदे वस्तीपासून दूरच हवेत, दुसऱ्या वर्गातले काळजी घेण्याच्या बोलीवर जवळ चालतील, आणि तिसऱ्या वर्गातले घरांच्या शेजारी राहिले तरी हरकत नाही, मात्र त्यांच्यावर देखरेख हवी. मोठ्या उपद्रवाच्या धंद्याला परवाना देण्यापूर्वी आसपासच्या लोकांना त्यांची सोय-गैरसोय विचारण्याचीही रीत होती. मला हा हुकूम आवडतो. तो धंद्याचे नाव विचारून थांबत नाही, त्याचा शेजाऱ्याला त्रास किती हे विचारतो.

अमेरिकेत मात्र याच कल्पनेला वेगळे वळण लागले. सॅन फ्रान्सिस्को शहरात १८८० साली नियम झाला, की लाकडी इमारतीत कपडे धुण्याचा धंदा चालवायचा असेल तर खास परवानगी हवी. कारण सांगितले आगीचे. शहरात धोबीखाने होते सुमारे ३२०, त्यांपैकी ३१० लाकडी इमारतींत, आणि बहुसंख्य धोबी चिनी. सुमारे २०० चिन्यांनी अर्ज केले. एकालाही परवानगी मिळाली नाही. चिनी नसलेल्या अर्जदारांपैकी एक वगळता सर्वांना मिळाली. आग काय ती फक्त चिन्यांच्याच इस्त्रीतून लागत असावी! शेवटी १८८६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायदा वरून कितीही निःपक्षपाती दिसला तरी तो दुष्ट नजरेने आणि असमान हाताने राबवला गेला तर तो न्याय नव्हे. गावकुसाची गोष्ट मी वर सांगितली, तिचीच ही सागरापलीकडची बहीण.

पुढे १९१६ साली न्यूयॉर्कने साऱ्या शहराचे विभाग पाडले आणि १९२६ साली युक्लिड नावाच्या एका लहान गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर शिक्कामोर्तब केले. न्यायाधीश सदरलंड यांनी त्या निकालात डुकराचा दाखला दिला आहे : गोठ्यात शोभणारे जनावर दिवाणखान्यात आले की उपद्रव होतो. दाखला चपखल आहे, यात शंका नाही. पण घरात दिवाणखानाच नसेल, एकुलती एक ओसरीच असेल, तर काय करायचे, हे त्या निकालात सापडत नाही.

आपल्याकडे मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ साली झाला; हिंदुस्थानातला तो अशा प्रकारचा पहिला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित इकडे आले होते. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखण्याआधी ते गल्लीबोळांतून पायी हिंडत, आणि जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा नडणारी चार घरे काढून बाकीची राखावीत, असे त्यांचे सांगणे असे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक तेच झाले. त्यांच्यासारखे पायी हिंडणारे नगररचनाकार पुढे थोडेच निघाले. १९५४ च्या कायद्याने शहरांना विकास योजना करणे भाग पाडले आणि १९६६ साली आजचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला. या कायद्यात 'विकास' या शब्दाचा अर्थ केवळ बांधकाम एवढाच नाही. चार भिंती त्याच ठेवून घराचे दुकान केले, तर तो वापरातला बदलही विकासच, आणि त्याला परवानगी हवी. मात्र अर्जाचे उत्तर साठ दिवसांत आले नाही, तर परवानगी मिळाली असे धरण्याची तरतूदही त्यात आहे. कायदा करणाऱ्यांना कचेऱ्यांचा स्वभाव ठाऊक असावा.

शहरांच्या नियमावल्यांत आणखी एक गमतीदार कलम मला भेटले. घरगुती धंद्याला राहत्या घरात मुभा आहे. पण तो घरच्याच माणसाने करावा, पगारी मजूर ठेवू नये, घरात केलेला माल तेवढाच विकावा, बाहेरून पाहणाऱ्याला इथे धंदा चालतो असे दिसता कामा नये, आणि विजेचा भार पाऊण किलोवॉटच्या वर जाऊ नये. म्हणजे पापड लाटा, पण पाटी लावू नका! या कलमाखाली महाराष्ट्रातल्या किती गृहिणींचा संसार उभा आहे, त्याची गणती नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या आणि ८० रुपये उसने घेऊन त्यांनी पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढचे लिज्जत पापड. हजारो बायका तिथून कणीक घरी नेतात, आपल्या स्वयंपाकघरात पापड लाटतात आणि परत आणून देतात. एवढा प्रचंड कारखाना, आणि त्याची यंत्रशाळा पिवळ्या रंगाच्या घराघरांतून पसरलेली! माझ्या नकाशात तो दाखवायला रंगच नव्हता.

रंगाचा हट्ट धरला म्हणजे काय होते, ते दिल्लीने पाहिले. राहत्या वस्त्यांतली बेकायदा दुकाने बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २००६ रोजी दिला आणि दुकानांना टाळी ठोकायला सुरुवात झाली. निवासी वस्त्यांत राहणाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. रस्ते तुंबले होते, शांतता गेली होती. पण त्या दुकानांवर लाखो पोटेही होती. बंद झाले, मोर्चे निघाले, गोळीबारही झाला. वर्षभरात, ७ फेब्रुवारी २००७ रोजी, नवा आराखडा जाहीर झाला आणि त्यात कित्येक रस्त्यांवर घर आणि दुकान एकत्र नांदायला मान्यता मिळाली. पेठ पुन्हा कायद्यात आली, असे मी म्हणतो.

असो. कागद पुष्कळ झाले; आता आमच्या गल्लीत परत येतो.

काका वारले तेव्हा काकूंच्या पदरी तीन मुले आणि चार बिघे कोरडवाहू जमीन होती. काकूंनी दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या आणि एक जुनी गिरणी विकत घेतली. पेठेत भाड्याने जागा घ्यायची तर भाडे परवडणारे नव्हते, आणि लहान मुलांना घरी टाकून दिवसभर तिकडे बसणेही शक्य नव्हते. म्हणून गिरणी ओसरीतच बसवायचे ठरले. विजेच्या जोडणीसाठी पंचायतीचा ना-हरकत दाखला मागण्यात आला, आणि हरकत निघाली.

हरकत घेतली शेजारच्या गुरुजींनी. त्यांची भिंत आणि आमच्या ओसरीची भिंत एकच. गुरुजी स्वभावाने वाईट नव्हते. मला त्यांनीच बाराखडी शिकवली. त्यांची वृद्ध आई त्या भिंतीलगतच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. घरात सगळे गुरुजींवर चिडले होते. मी तर त्यांच्या अंगणातून जाणेही सोडले होते. काकू मात्र चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांची आई ती माझी सासूच. त्यांचं खोटं नाही. पण माझी मुलंही खोटी नाहीत."

पंचायतीच्या बैठकीला मी वडिलांबरोबर गेलो होतो. कोणी म्हणाले, बाईमाणसाने गिरणी चालवणे बरे दिसत नाही. तेव्हा सरपंच आबा एकदम म्हणाले, "ते राहू द्या. आपण आवाजाचं बोलायला बसलोय, बाईचं नाही." एवढे एक वाक्य बोलून त्यांनी वाद जागेवर आणला. कायद्याचे पुस्तक त्या दिवशी कोणी उघडले असेल असे मला वाटत नाही. तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यातले तत्त्व आमच्या आबांना पाठ होते.

मग गुरुजींनाच विचारले गेले, की आवाज किती वेळ सोसेल? गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "आईला दुपारी आणि रात्री झोप लागते. तेवढी मोडू नये, वहिनी." काकू म्हणाल्या, "नाही मोडणार, गुरुजी." ठरले ते असे : सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात, एवढाच वेळ गिरणी चालेल. सामाईक भिंतीपासून पाच हात सोडून मोटारीचा पाया घ्यायचा. मिरची दळायची नाही. रात्री दळण कितीही अडले तरी खटका पडणार नाही. दाखल्यावर या अटी लिहिल्या गेल्या आणि खाली गुरुजींची सही झाली. नमुना म्हणून तो कागद नगररचनेच्या विद्यार्थ्यांना दाखवावा, असे मला नोकरीत कितीदा वाटले. पण तो वाळवीने खाल्ला.

पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर परदेशी तांबडी मिलो मिळू लागली आणि ती दळायला सारी गल्ली काकूंच्या दारात आली. मिलोचे पीठ कोरडे. भाकरी थापताना फाटे. ते जरा बारीक निघावे म्हणून काकू पाथरवटाला बोलावून पंधरा दिवसांनी पाळूला टाकी लावून घेत. सुकडीवर आणि मिलोवर दिवस काढलेल्या माणसांकडून त्यांनी त्या वर्षी दळणाचे पैसे वर्षाअखेर घेतले. काहींचे घेतलेच नाहीत. त्या हिवाळ्यात गुरुजींची आई गेली. काकूंनी तेरा दिवस गिरणी बंद ठेवली. चौदाव्या दिवशी सकाळी आठला खटका पडला नाही, तेव्हा गुरुजी स्वतः भिंतीपलीकडून म्हणाले, "वहिनी, आठ वाजले."

त्यानंतर दुपारची अट राहिली नव्हती; तिचे कारणच उरले नव्हते. तरी काकूंनी गिरणीची वेळ बदलली नाही. लोक विचारीत, तर म्हणत, आता सवय झाली.

गावाबाहेर आता नवे प्लॉट पडले आहेत. तिथे शेतजमीन बिनशेती करावी लागते, आखणी मंजूर करून घ्यावी लागते, आणि कोणी शिवणकाम किंवा गिरणी सुरू करायची म्हटली की कागदांची मोठी जंत्री निघते. माझ्या पुतण्याच्या सुनेला तिथे मसाला कांडपाचे यंत्र बसवायचे आहे. मागच्या महिन्यात अर्ज कसा लिहावा ते विचारायला ती माझ्याकडे आली होती. मी तिला मोटारीची शक्ती, रस्त्याची रुंदी, जोत्याचे क्षेत्रफळ असे सगळे विचारून घेतले आणि मसुदा करून दिला. ती निघताना मी विचारले, "शेजारी कोण राहतं?"

तिला नाव ठाऊक नव्हते. म्हणाली, "नवे आलेत, आजोबा. दार लावलेलंच असतं."

मी म्हटले, "मग अर्ज उद्या टाक. आज त्यांच्याकडे फराळाचं ताट घेऊन जा."